'आय लाइक मँगोज' यात सब्जेक्ट कोण? सहावीतल्या मुलीचा पेपर आणि माझा गोंधळ

फलटणची आई

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

मुलगी सहावीत आहे. मराठी शाळा, सेमी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. मागच्या आठवड्यात घटक चाचणीचा इंग्रजीचा पेपर घरी आला. पार्ट्स ऑफ स्पीच आणि वाक्याचे भाग यावर दहा मार्कांचा प्रश्न होता, त्यात तीन मिळालेत. मी घरी शिलाईकाम करते. मशीनवर बसूनच तिचा अभ्यास घेते. मीही बारावीपर्यंत मराठीतूनच शिकले आहे. मार्क कमी पडले त्याचं एवढं नाही, पण ती म्हणाली, "आई, मी सगळं पाठ केलं होतं, तरी चुकलं." ते अगदी खरं आहे, कारण पाठ मीच करून घेतलं होतं.

क्लासमधून तिला एक यादी दिली होती. चार पानं, उभे रकाने आखलेले, नाऊन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह असे. प्रत्येकाखाली पन्नास-साठ शब्द. 'फास्ट' ॲडजेक्टिव्हच्या रकान्यात होता. म्हणून तिने 'ही रन्स फास्ट' मध्ये फास्टला ॲडजेक्टिव्ह लिहिलं. बाईंनी काट मारली. 'स्विमिंग इज अ गुड एक्सरसाइज' मध्ये स्विमिंगला व्हर्ब लिहिलं, कारण यादीत 'स्विम' व्हर्बखाली आहे. तिथेही काट. 'द मिल्क टर्न्ड सावर' मध्ये सावरला ऑब्जेक्ट लिहिलं, तेही चूक. आणि एका वाक्यात 'शी सिंग्ज गुड' हे बरोबर म्हणून सोडून दिलं.

पण मला सर्वात जास्त अडकवलं ते पहिल्या वाक्याने. 'आय लाइक मँगोज'. सब्जेक्ट ओळखा. तिने मँगोज लिहिलं. मी म्हटलं, अगं आय. तर ती म्हणाली, "का? मला आंबे आवडतात. आंबा असेल तर आवडतो, कैरी असेल तर आवडते. क्रियापद आंब्यासारखं बदलतंय ना?" मला उत्तरच देता आलं नाही. मशीन थांबवून बसले, तरी सुचेना.

याद्या पाठ न करता शब्दाची जात ओळखायची कशी, हे कुणी समजावून सांगेल का? मला समजलं तर मी तिला समजावेन.

---

वाचनछंदी

ताई, माझा अनुभव सांगते. सहावीच्या मुलीला व्याकरणात अडकवूच नका. रोज इंग्रजीतली एक छोटी गोष्ट मोठ्याने वाचायला लावा. वाचनाने कान तयार होतो, मग 'शी सिंग्ज गुड' आपोआप खटकायला लागतं. आपण मराठी बोलायला शिकलो तेव्हा कुणी विशेषण आणि क्रियाविशेषण शिकवलं होतं?

---

खडू-फळा

ताई, मी निवृत्त शिक्षक. मंगळवेढा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षं शिकवलं. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा मीही मुलांबरोबर नव्याने शिकलो, म्हणून तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे.

आधी एक सांगतो. लेकीचं उत्तर चुकलं, पण तिचा विचार चुकलेला नाही. क्रियापद कुणाच्या तालावर बदलतंय ते तिने पाहिलं. यादी पाठ करून हे सुचत नाही. तिला हे आजच सांगा. आणि तिचीच कसोटी तिला इंग्रजी वाक्यावर लावायला सांगा. मराठीत तिने आंब्याच्या जागी कैरी घातली आणि 'आवडतो'चं 'आवडते' झालं. आता इंग्रजीत मँगोजच्या जागी 'अ मँगो' घाला. 'आय लाइक अ मँगो.' लाइक हललं का? नाही. आता 'आय'च्या जागी 'शी' घाला. 'शी लाइक्स मँगोज.' हललं! लाइकचं लाइक्स झालं. म्हणजे इंग्रजीतलं हे क्रियापद आंब्याकडे बघत नाही, खाणाऱ्याकडे बघतं. ज्याच्यामुळे ते हललं तो सब्जेक्ट. तिचीच युक्ती, फक्त भाषा बदलली तसं उत्तर बदललं.

असं का होतं, ते थोडं खोलात सांगतो, कारण मराठी माध्यमाच्या निम्म्या चुकांचं मूळ इथेच आहे.

आपल्या भाषेत कोण काय करतंय हे शब्दाच्या शेपटीवरून कळतं. 'वाघाने शेळी मारली.' आता उलटं करा, 'शेळी वाघाने मारली.' जोर बदलला, पण मेली शेळीच. 'ने' वाघाला चिकटलेला आहे, तो कुठेही गेला तरी मारणारा वाघच. इंग्रजीत नामाला अशी शेपटी नाही. 'द टायगर किल्ड द गोट' आणि 'द गोट किल्ड द टायगर'. शब्द तेच, पण दुसऱ्या वाक्यात शेळीने वाघ मारला. इंग्रजीत जागा हाच प्रत्यय. क्रियापदाच्या डावीकडे बसला तो करणारा, उजवीकडे बसला त्याच्यावर क्रिया झाली. म्हणून इंग्रजी वाक्य उचलताना आधी क्रियापद शोधायचं, मग त्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते पाहायचं.

आता क्रियापद शोधण्यातच आपली मुलं चुकतात. एक प्रसंग सांगतो. पाचवीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं होतं, 'द फार्मर गोज टू द फील्ड एव्हरी मॉर्निंग.' म्हटलं, व्हर्बखाली रेघ मारा. फिरून पाहिलं तर बत्तीसपैकी अकरा पाट्यांवर मॉर्निंगखाली रेघ. मी चिडलो नाही, विचारलं का. एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, क्रियापद शेवटी असतंय की." खरंच होतं त्याचं. शेतकरी रोज सकाळी शेतात जातो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी दार लावून घेतं. आणि मॉर्निंगच्या शेवटी 'इंग' पण आहे, मग तर त्याची खात्रीच पटली.

त्या दिवसापासून मी 'काल'ची कसोटी वापरायला लागलो. कुठलंही वाक्य असू दे, ते काल घडलं असं समजून पुन्हा म्हणायचं. 'द फार्मर वेंट टू द फील्ड यस्टरडे.' कुठला शब्द बदलला? गोजचा वेंट झाला. बाकी फार्मर, फील्ड जिथल्या तिथे. जो बदलला तोच वाक्याचं क्रियापद. ही कसोटी 'इज' आणि 'आर'लाही लागते (वॉज, वेअर) आणि 'डू नॉट नो'लाही (डिड नॉट नो). तिथे तुम्हाला दिसेल की बदल हेल्पिंग व्हर्बमध्ये झाला, 'नो' तसाच राहिला. मुलांना हे फार आवडतं, कारण पाठ काही करावं लागत नाही.

क्रियापद सापडलं की सब्जेक्ट. इथे पुस्तकातलं एक वाक्य मला कायम खटकायचं, 'नामाऐवजी येतं ते सर्वनाम.' मी मुलांच्या गळ्यात दोऱ्याने पाट्या अडकवून त्यांना व्हरांड्यात ओळीने उभं करायचो. एकेका पाटीवर एकेक शब्द. 'द – ओल्ड – मॅन – विथ – द – व्हाइट – कॅप – स्लेप्ट.' आता 'ही'ची पाटी घातलेल्या मुलीला सांगायचो, कुणाची जागा घेतेस? पहिल्यांदा ती मॅनला बाजूला करून उभी राहायची. वर्ग मोठ्याने वाचायचा, 'द ओल्ड ही विथ द व्हाइट कॅप स्लेप्ट.' सगळे ओरडायचे, नाही नाही! मग हळूहळू कळायचं की सातही जणांना मागे सरावं लागतं, तेव्हा 'ही स्लेप्ट' होतं. म्हणजे 'ही' एका शब्दाची जागा घेत नाही, अख्ख्या गटाची घेते. आणि तो अख्खा गट सब्जेक्ट. लेकीला सांगा, सब्जेक्ट म्हणजे एकच शब्द असं धरून चालू नको. ही, शी, इट, दे यांपैकी एक घालून बघ, जेवढं झाकलं गेलं तेवढा सब्जेक्ट.

आता एक गोष्ट नीट वेगळी करा. पेपरात दोन निराळे प्रश्न आहेत आणि यादीने दोन्ही कालवून टाकलेत. एक, शब्दाची जात काय: नाऊन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह वगैरे. दुसरा, वाक्यात त्याचं काम काय: सब्जेक्ट, ऑब्जेक्ट, कॉम्प्लिमेंट. 'टायगर' दोन्ही वाक्यांत नाऊनच आहे, पण एकात सब्जेक्ट आणि दुसऱ्यात ऑब्जेक्ट. त्यामुळे 'मँगोज नाऊन आहे' हे बरोबरच, त्यावरून ते सब्जेक्ट ठरत नाही.

आणि जातसुद्धा शब्दाच्या कपाळावर लिहिलेली नसते. 'फास्ट' घ्या, तुमचाच शब्द. 'अ फास्ट ट्रेन' मध्ये फास्ट ट्रेनबद्दल सांगतो, 'अ' आणि नाऊन यांच्या मधे बसला आहे, म्हणून ॲडजेक्टिव्ह. 'ही रन्स फास्ट' मध्ये तो धावण्याबद्दल सांगतो, कसा धावतो, म्हणून ॲडव्हर्ब. 'वुई फास्ट ऑन एकादशी' मध्ये तो क्रियापद, काल करून बघा, 'वुई फास्टेड'. आणि 'आजी ब्रोक हर फास्ट' मध्ये त्याच्या आधी 'हर' आलं, म्हणून नाऊन, उपास. एक शब्द, चार जाती. चार पानांची यादी इथे काय कामाची? यादीत तो एकाच रकान्यात मावतो.

'शी सिंग्ज गुड' ही चूक मात्र सरळ मराठीतून आलेली आहे. आपण म्हणतो, तो चांगला गातो, ती चांगली गाते. गाण्याबद्दल बोलतोय, पण 'चांगला' गाणाऱ्याप्रमाणे बदलतो, अगदी विशेषणासारखा. म्हणून मुलीला तो शब्द 'शी'चाच वाटतो. इंग्रजीत विचारायचं: मी माणसाला चांगलं म्हणतोय की गाण्याला? 'शी इज गुड', ती चांगली आहे. 'शी सिंग्ज वेल', ती चांगली गाते.

राहिलं दूध. क्रियापदानंतर जे येईल ते ऑब्जेक्ट, असं तिने धरलं. इथे मी बरोबरचं चिन्ह वापरतो. 'द मिल्क टर्न्ड सावर.' दूध आणि आंबट या दोन निराळ्या वस्तू आहेत का? नाही, दूधच आंबट झालं, नासलं. दूध = आंबट. दोन्ही बाजू एकाच वस्तूबद्दल असतील तर ते कॉम्प्लिमेंट. 'शी टर्न्ड द की.' ती आणि किल्ली वेगवेगळ्या, बरोबरचं चिन्ह बसत नाही, म्हणून किल्ली ऑब्जेक्ट. क्रियापद तेच, टर्न्ड. तसंच 'शी इज अ डॉक्टर' आणि 'शी मेट अ डॉक्टर'. पहिल्यात एक बाई, दुसऱ्यात दोन माणसं. ही खूण पाचवीच्या मुलालाही कळते, मी पाहिलंय.

स्विमिंगबद्दल सविस्तर लिहायचंय, ते उद्या. वीज जाते-येते आहे.

---

फलटणची आई

गुरुजी, किती मनापासून लिहिलंत! काल रात्री तिला वाचून दाखवलं. 'शी लाइक्स'वर ती उठूनच बसली, म्हणाली, म्हणजे मी बरोबर शोधत होते, चुकीच्या वाक्यात शोधत होते.

फास्टचं मी तिला आमच्या भाषेत सांगितलं. साडीचा काठ काढून ब्लाउजच्या बाहीला लावला की तो बाहीची पट्टी होतो, गळ्याला लावला की गळपट्टी. कापड तेच. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा मी 'काठ' म्हणून सांगत नाही, कुठे लावलाय ते बघून सांगते. तिला पटलं.

पण तिने एक प्रश्न काढलाय. तुमची बरोबरची खूण 'दे मेड हिम कॅप्टन' ला लावली, तर दोन्ही बाजूंना लागत नाही. दे म्हणजे कॅप्टन नाही. मग कॅप्टन ऑब्जेक्ट का?

---

खडू-फळा

ताई, हा प्रश्न बारावीची मुलंही विचारत नाहीत. तिला शाबासकी द्या.

खूण बरोबर आहे, फक्त ती कुठे लावायची ते मी अर्धंच सांगितलं. क्रियापदाच्या उजवीकडे दोन गोष्टी आल्या की खूण त्या दोघांमध्ये लावायची. 'दे मेड हिम कॅप्टन.' हिम आणि कॅप्टन, एकच माणूस? हो, तोच कॅप्टन झाला. हिम = कॅप्टन. म्हणजे हिम ऑब्जेक्ट, आणि कॅप्टन हे त्या ऑब्जेक्टचं कॉम्प्लिमेंट. आता 'शी मेड हिम टी.' हिम = टी? नाही, तो काही चहा झाला नाही. मग दोन्ही ऑब्जेक्ट. त्याच्यासाठी चहा केला. इथे मराठीच मदतीला येते: 'त्याला कॅप्टन केलं' आणि 'त्याला चहा करून दिला'. मेड एकच, पण मराठीत 'दिला' घालावासा वाटला की दोन ऑब्जेक्ट आहेत असं समजा.

आता 'इंग'. यात मराठी माध्यमाच्या मुलांचा मोठा फायदा आहे आणि तो कुणी त्यांना सांगत नाही. इंग्रजीत 'स्विमिंग' एकच, पण आपल्याकडे त्याला तीन निराळी रूपं आहेत. पोहणं, पोहणारा, पोहत. 'स्विमिंग इज अ गुड एक्सरसाइज': पोहणं हा चांगला व्यायाम आहे. 'पोहणं' हे नाम, म्हणून स्विमिंग इथे नाऊनचं काम करतं. त्याला इंग्रजीत जेरंड म्हणतात. 'लुक ॲट द स्विमिंग बॉय': पोहणारा मुलगा. 'पोहणारा' विशेषण, म्हणून स्विमिंग ॲडजेक्टिव्हसारखं. 'ही इज स्विमिंग': तो पोहत आहे. इथे ते 'इज'सोबत मिळून क्रियापद होतं. इंग्रज मुलाला तिन्ही सारखेच दिसतात. आपल्या मुलांनी फक्त वाक्य मराठीत म्हणायचं, ती जात आपली भाषाच सांगते. लेकीकडून दहा वाक्यं अशी करून घ्या. 'कुकिंग टेक्स टाइम', 'माय मदर इज कुकिंग', 'द क्राइंग बेबी'. पेपरातल्या तिच्या वाक्याला 'काल' लावून बघा, 'स्विमिंग वॉज अ गुड एक्सरसाइज'. बदललं 'इज', स्विमिंग नाही. म्हणजे क्रियापद तिथे 'इज' होतं.

मराठी कुठे मदत करते आणि कुठे फसवते हे ठरवता येणं, मला वाटतं, आपल्या मुलांसाठी इंग्रजी शिकण्यातला हाच खरा भाग आहे. 'मला भूक लागली' मध्ये भूक नाम, पण 'आय ॲम हंग्री' मध्ये हंग्री ॲडजेक्टिव्ह. तिथे भाषांतरावरून जात ठरवली की चूक. म्हणून मुख्य कसोटी इंग्रजी वाक्यातलीच, मराठी ही शेजारीण. विचारावं, पण शेवटी निर्णय आपण घ्यावा.

वाचनछंदी ताईंचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे. वाचायला हवंच. पण आपण मराठी शिकलो तेव्हा दिवसभर मराठी कानावर पडत होतं. मंगळवेढ्याच्या वाडीवरच्या मुलाच्या कानावर इंग्रजी दिवसातून पस्तीस मिनिटं पडतं, आणि त्यातली वीस मिनिटं गुरुजी मराठीत बोलतात. त्या मुलाला कान तयार व्हायची वाट बघायला लावणं मला जिवावर येतं. त्याला नकाशा दिला तर तो स्वतः वाट काढतो.

---

अभ्यासिका कराड

गुरुजींचं वाचून मलाही एक जोडावंसं वाटलं. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. मराठी व्याकरणात आम्हाला हमखास पडणारा प्रश्न: 'तो पुढे गेला' यात 'पुढे' काय, आणि 'तो घरापुढे उभा आहे' यात काय. पहिल्यात क्रियाविशेषण, कारण एकटा उभा आहे आणि क्रियापदाबद्दल सांगतो. दुसऱ्यात शब्दयोगी अव्यय, कारण घराला जोडून आला, घराचं 'घरा' झालं. हेच इंग्रजीत ॲडव्हर्ब आणि प्रिपोझिशनचं. 'ही केम इन' मध्ये इन एकटा, म्हणून ॲडव्हर्ब. 'ही इज इन द रूम' मध्ये त्याच्यामागे 'द रूम' आलंय, म्हणून प्रिपोझिशन. फरक इतकाच की आपला शब्दयोगी नामाच्या मागून चिकटतो, त्यांचा नामाच्या पुढे सुटा उभा राहतो. हे लक्षात आल्यापासून माझा या प्रकारचा प्रश्न चुकलेला नाही.

एक शंका. 'अ, ॲन, द' आणि 'माय, युअर' यांना काही पुस्तकं ॲडजेक्टिव्ह म्हणतात, काही डिटर्मिनर. खरं काय धरायचं? आणि जाती नेमक्या आठच का?

---

खडू-फळा

उत्तम उदाहरण दिलंत. त्यालाच जोडून 'आफ्टर' करून घ्या. 'आफ्टर लंच' मध्ये मागे फक्त नाऊन, म्हणून प्रिपोझिशन. 'आफ्टर ही लेफ्ट' मध्ये मागे सब्जेक्ट आणि क्रियापद असं सबंध वाक्यच आलं, म्हणून कन्जंक्शन. 'बिफोर'लाही हेच लागतं.

तुमच्या शंकेचं उत्तर थोडं जुनं आहे. ग्रीक वैयाकरणांनी आपल्या भाषेत शब्दांच्या आठ जाती मांडल्या होत्या. त्यात आर्टिकल ही वेगळी जात होती, आणि ॲडजेक्टिव्ह मात्र नव्हती, ती नामातच धरलेली. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही. लॅटिनवाल्यांनी ती जात काढली आणि संख्या आठच ठेवायची म्हणून इंटरजेक्शनला वेगळी जागा दिली. पुढे युरोपभरच्या शाळांत लॅटिन व्याकरण शिकवत, इंग्रजीचं व्याकरण त्याच साच्यात बसवलं गेलं. आता गंमत बघा, इंग्रजीत 'अ' आणि 'द' आहेत, पण साच्यात त्यांना खोली नाही. मग त्यांना ॲडजेक्टिव्हच्या खोलीत ठेवलं. अलीकडची व्याकरणं त्यांना आणि 'माय', 'धिस', 'एव्हरी' यांना डिटर्मिनर म्हणून वेगळं काढतात. मला तेच पटतं, कारण ॲडजेक्टिव्ह कितीही लावता येतात, 'अ बिग ओल्ड रेड बस', पण 'द माय बस' म्हणता येत नाही. एकाच खुर्चीवर दोघे बसत नाहीत, म्हणजे त्यांची जात एक आणि ॲडजेक्टिव्हपेक्षा निराळी. परीक्षेत मात्र ज्या पुस्तकावर पेपर आहे ते जे म्हणतं ते लिहा, मार्क घालवू नका.

आपल्याकडे यास्क या प्राचीन पंडितांनी 'निरुक्त' या संस्कृत ग्रंथात चारच सांगितल्या आहेत: नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग, निपात (म्हणजे अव्ययं). आपण शाळेत मराठीच्या आठ शिकतो ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हापासून ही वाट रुळली. म्हणून लेकीला सांगा, मराठीतल्या आठ जाती ती जर नीट शिकली असेल तर इंग्रजीतल्या तिला निम्म्या आधीच येतात. नावं तेवढी बदलली.

---

फलटणची आई

गुरुजी, तीन दिवस रोज अर्धा तास बसलो. यादीची चार पानं आता पाठकोरी म्हणून मापं लिहायला वापरते आहे. बाईंना विचारून तिने तोच प्रश्न वहीत पुन्हा सोडवला. नऊ बरोबर आले. एक चुकलं, 'शी इज फ्रेंडली', त्यात फ्रेंडलीला ॲडव्हर्ब लिहिलं, कारण शेवटी 'ली' आहे.

आणि आज नवीनच. काल आम्ही माहेरी गेलो होतो, वाटेत साखर कारखाना लागतो. फाटकावर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलंय, 'ड्राइव्ह डेड स्लो'. एसटीच्या खिडकीतून तिने ते वाचलं आणि घरी येईपर्यंत माझं डोकं खाल्लं. स्लो ॲडजेक्टिव्ह ना, मग 'स्लोली' का नाही लिहिलं? आणि डेड म्हणजे मेलेलं, मग मेलेलं हळू कसं असेल? मी म्हटलं गुरुजींना विचारते.

---

खडू-फळा

फ्रेंडलीचं आधी. 'ली' लागण्याआधी शब्द काय होता ते बघायचं. 'स्लो' ॲडजेक्टिव्ह, त्याला ली लागलं की 'स्लोली' ॲडव्हर्ब. 'फ्रेंड' नाऊन, त्याला ली लागलं की 'फ्रेंडली' ॲडजेक्टिव्ह. 'मदरली', 'ब्रदरली' तसेच. बऱ्याच ठिकाणी चालतं हे, पण शेवटी वाक्यात तपासायचं: फ्रेंडली कुणाबद्दल? शीबद्दल. आणि उलट गंमत 'हार्ड'ची. 'ही वर्क्स हार्ड', तो खूप काम करतो. ली लावून 'हार्डली वर्क्स' केलं की तो जेमतेम काम करतो. एवढी एक जोडी तिच्याकडून पक्की करून घ्या.

आता कारखान्याची पाटी. चूक नाही त्यात. स्लो हा शब्द ली न लावताही ॲडव्हर्ब म्हणून चालतो, इंग्रजीत फार जुन्या काळापासून. तिची कसोटी लावा. वाक्यात क्रियापद ड्राइव्ह. कसं चालवायचं? स्लो. चालवण्याबद्दल सांगतोय, म्हणून ॲडव्हर्ब. सब्जेक्ट दिसत नाही, कारण आज्ञार्थी वाक्यात 'यू' बोलत नाहीत, आपण 'गाडी हळू चालव' म्हणताना 'तू' म्हणतो का?

आणि डेड. तो ड्राइव्हबद्दल सांगत नाही, ड्रायव्हरबद्दलही नाही. किती स्लो? डेड स्लो, अगदी हळू. म्हणजे तो स्लोला चिकटलाय. ॲडव्हर्बबद्दल सांगणारा शब्दही ॲडव्हर्बच. 'डेड टायर्ड' म्हणतात त्यातही तसाच. डेडचं 'मेलेलं' हे काम 'अ डेड ट्री' मध्ये, तिथे तो ॲडजेक्टिव्ह. हे सगळं तिला लगेच सांगू नका. वहीत एका खाली एक तिन्ही लिहून द्या, 'अ डेड ट्री', 'डेड टायर्ड', 'ड्राइव्ह डेड स्लो', आणि प्रत्येकात डेडपासून बाण काढायला सांगा, तो ज्या शब्दाबद्दल बोलतो त्याच्यापर्यंत. बाण कुठे गेले ते मला कळवा.